उताऱ्याचा हिशेब

जे घडलं ते मोजायच्या आधी, ते घडलंच नसतं तर काय दिसलं असतं ते मोजायचं, अशी आमच्या कामाची उफराटी रीत आहे. मी कणभौतिकीत काम करते. जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावणारी शिशाची दोन अणुकेंद्रं समोरासमोर आदळली की भयंकर तापलेलं द्रव्य क्षणापेक्षाही कमी वेळ अस्तित्वात येतं. त्यातून वाट काढत बाहेर पडणारे कणांचे झोत म्हणजे जेट. जेटची किती ऊर्जा आत खर्ची पडली, कशी पडली आणि पडलेली कुठं गेली, याचा जमाखर्च मांडणं हे माझं काम. पण माझे बरेचसे तास जातात ते जिथं असलं द्रव्य तयारच होत नाही तिथं. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून झालेल्या साध्या टकरी, द्रव्याला अजिबात दाद न देणारे फोटॉन, आणि संगणकात रचलेल्या नकली टकरी, ज्यांत आम्ही मुद्दामच काही घडू दिलेलं नसतं. नवीन आलेली मुलं वैतागतात. त्यांना शिशाची टक्कर बघायची असते.

हे काम आता कुठूनही करता येतं. जिनिव्हाजवळ जमिनीखाली शंभर मीटरवर नोंदलेला डेटा जगभरच्या संगणकांवर वाटलेला असतो. आपला प्रोग्रॅम तिथं पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. म्हणून वर्षातले काही महिने मी जयसिंगपुरातच असते. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं हे गाव. गल्ल्या सरळ, काटकोनात आखलेल्या, आणि नावांपेक्षा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या. गाळपाच्या हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या जात असतात. विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते तेव्हा दर, वजन आणि उतारा यांचे आकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्याच्याशी भांडायचं असतं, हे मी या गावात शिकले. भौतिकी नंतर आली.

जेट कसं तयार होतं ते आधी सांगते. प्रोटॉनच्या आत क्वार्क आणि ग्लुऑन असतात. दोन प्रोटॉन आदळताना कधीतरी आतले दोन क्वार्क किंवा ग्लुऑन एकमेकांवर थेट धडकतात आणि बाजूला फेकले जातात, एक इकडे तर दुसरा बरोबर उलट दिशेला. क्वार्कला एकट्यानं मोकळं राहता येत नाही. तो धावता धावता ग्लुऑन सोडत जातो, त्या ग्लुऑनांतून आणखी ग्लुऑन आणि क्वार्क निघतात, आणि शेवटी पायॉन, केऑन, प्रोटॉन असे कितीतरी कण एका अरुंद शंकूत, मूळ क्वार्कच्याच दिशेनं निघतात. हे झालं जेट. उलट दिशेला त्याचा जोडीदार असतो, आणि दोघांची ऊर्जा जवळपास सारखी असते. असावीच लागते, कारण संवेगाचा हिशेब निसर्ग चुकवत नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये (एलएचसी) पहिल्यांदा शिशाची अणुकेंद्रं आदळवली गेली. न्यूक्लिऑनच्या, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या, प्रत्येक जोडीमागे ऊर्जा होती २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. तीन आठवड्यांच्या आत ॲटलास प्रयोगानं आपला निबंध पाठवलासुद्धा. त्यातलं पहिलं चित्र आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला डोळे मिटूनही दिसतं. डिटेक्टरचा नळकांड्यासारखा गोल भाग उलगडून सपाट मांडलेला आहे, त्यावर चौकटींची जाळी आहे, आणि ज्या चौकटीत जितकी ऊर्जा पडली तितका उंच तिथला खांब. एका जागी खांबांचा झुपका सरळ वर गेलेला, शंभर गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर. (हे एकक यापुढे जीईव्ही असंच लिहिते.) त्याच्या बरोबर समोर, जिथं जोडीदार उभा असायला हवा, तिथं बुटक्या खांबांची नुसती पसरलेली गर्दी. दुसरं जेट ओळखू येईल असं काही उरलेलंच नाही.

हे भाकीत २८ वर्षं जुनं होतं. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये जेम्स ब्यॉर्केन यांनी १९८२ मध्ये एक टिपण लिहिलं. क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे फिरू लागतील इतकं तापलेलं द्रव्य तयार झालं, तर त्यातून जाणारा क्वार्क ऊर्जा गमावेल, आणि मूळ धडक द्रव्याच्या काठाशी झाली तर एक जेट सहज निसटेल व समोरचं आतच जिरून जाईल, असा त्यांचा तर्क होता. ते टिपण नियतकालिकात रीतसर छापून कधी आलं नाही. त्यातली ऊर्जा गमावण्याची यंत्रणाही पुढे दुय्यम ठरली. तरी काठाशी झालेल्या धडकेचं त्यांनी केलेलं वर्णन ॲटलासच्या त्या चित्राला तंतोतंत लागू पडतं.

या द्रव्याचं नाव क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा. तापमान साधारण १.८ लाख कोटी केल्विनच्या पुढे गेलं की प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या भिंती राहत नाहीत. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन, म्हणजे हे त्याच्या लाखभर पट झालं. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळं विश्व याच अवस्थेत होतं. प्रयोगशाळेत त्याचा थेंब तयार होतो तो अणुकेंद्राएवढा, आणि टिकतो सेकंदाच्या एकावर तेवीस शून्यं इतक्या भागांपैकी तीन-चार भाग. त्यात बाहेरून काही घालून बघावं म्हटलं तर घालणार काय आणि कधी? चाचणीचं हत्यार त्याच टकरीत, द्रव्याच्याही आधी, जन्माला यायला हवं. जेट तसं आहे. मूळ धडक सर्वांत आधी होते, द्रव्य नंतर जमतं, आणि क्वार्कला त्यातूनच बाहेर पडावं लागतं.

आता प्रश्न उरतो तो हिशेबाचा. माझे एक काका जन्मभर ऊस करत आलेत. मी नेमकं काय करते, हे त्यांना उताऱ्याच्या भाषेत सांगितलं तेव्हा पटलं. फडात इतका ऊस होता, त्यातून इतकी साखर निघायला हवी होती, प्रत्यक्षात निघाली इतकी. निघालेल्याला अपेक्षितानं भागायचं. उत्तर एक आलं तर सगळं ठीक, कमी आलं तर वाटेत काहीतरी झालं. आमच्याकडे या भागाकाराला आर-एए म्हणतात. शिशाच्या एका टकरीत एका ठरावीक ऊर्जेचे किती कण निघाले, भागिले, तितक्याच प्रोटॉन-प्रोटॉन टकरी सुट्या झाल्या असत्या तर किती निघाले असते. शिशाची दोन अणुकेंद्रं अगदी डोक्यावर डोकं आदळली की आतल्या न्यूक्लिऑनांच्या सोळा-सतराशे जोडधडका होतात. म्हणजे प्रोटॉनच्या एका टकरीतला आकडा सोळा-सतराशेनं गुणायचा आणि तो छेदात ठेवायचा.

काकांनी ऐकून घेतलं आणि आमच्या भागात कुणीही विचारेल तेच विचारलं, “आगं, पर काटा बरोबर हाय कशावरनं?”

परिषदांमध्ये परीक्षक विचारतात ते वेगळं काही नसतं. साखर कमी भरली तर संशय तिघांवर जातो. एक, काट्यावर, म्हणजे आत गेलेला ऊस मुळात तेवढा नव्हताच. दोन, बेण्यावर, म्हणजे उसातच गोडी कमी होती. तीन, तोडीनंतर ऊस रानातच पडून वाळला, म्हणजे खरी घट. पहिल्या दोघांना निर्दोष सोडल्याशिवाय तिसऱ्यावर आरोप ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या ब्रूकहेवनमध्ये २००० मध्ये आरएचआयसी हा कोलायडर सुरू झाला आणि तिथं सोन्याच्या टकरींत जास्त ऊर्जेचे पायॉन अपेक्षेच्या पाचव्या हिश्शावर आलेले दिसले, तेव्हा पुढची काही वर्षं या दोन संशयितांच्या चौकशीत गेली.

काट्याचा निकाल फोटॉननं लावला. क्वार्कच्या धडकेत कधीकधी थेट फोटॉन निघतो. त्याला रंगभार, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनना एकमेकांशी जोडणारा भार, नसतो, त्यामुळे प्लाझ्मा त्याला अडवत नाही. जोडधडका मोजण्यात आमची चूक असती तर फोटॉनही कमी भरले असते. ते पुरेपूर भरले, भागाकार एकच्या आसपास आला. पुढे एलएचसीत झेड बोसॉननंही हीच साक्ष दिली. बेण्याचा संशय असा, की सोन्याच्या अणुकेंद्रात बांधले गेल्यामुळे प्रोटॉनच्या आतली क्वार्क-ग्लुऑनची वाटणीच बदलत असेल, मग द्रव्य तयार होवो वा न होवो, तूट येणारच. त्यासाठी २००३ मध्ये सोन्यावर ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी, आदळवला गेला. अणुकेंद्र तेच, पण गरम द्रव्याचा मोठा गोळा नाही. तूट दिसली नाही. आरएचआयसीच्या चारही प्रयोगांचे निकाल एकाच वेळी आले आणि एकाच बाजूचे निघाले. मग तिसरा संशयित उरला.

माझ्या दृष्टीनं या क्षेत्रातला सर्वांत मोठा निकाल सोन्याच्या तुटीचा नाही, ड्यूटेरॉनच्या न आलेल्या तुटीचा आहे. चित्र म्हणून तो नीरस दिसतो. एकच्या रेषेवर ठिपके, वर नाही, खाली नाही. पण त्या सपाट रेषेवाचून बाकीच्या खाली गेलेल्या रेषांना काही अर्थ नव्हता.

एलएचसीत तूट आणखी वाढली. ॲलिस प्रयोगात सहा-सात जीईव्हीच्या आसपास विद्युतभारित कणांचा भागाकार ०.१४ पर्यंत उतरला, म्हणजे सातात एक. शंभर जीईव्हीच्या संपूर्ण जेट्ससाठी तो निम्म्याच्या जरा खाली राहतो. इथं नवख्याचा एक गैरसमज हमखास होतो, की जेट्स निम्मी उरली म्हणजे प्रत्येकाची निम्मी ऊर्जा गेली. तसं नाही. जास्त ऊर्जेची जेट्स फार झपाट्यानं दुर्मीळ होत जातात. ऊर्जा दुप्पट केली की संख्या साधारण पन्नास-साठ पटींनी घटते. अशा उतारावर प्रत्येक जेट दहा-पंधरा टक्क्यांनी जरी खाली घसरलं, तरी ठरावीक ऊर्जेच्या घरातली गर्दी निम्मी होते. संख्येची तूट डोळ्यांत भरते, ऊर्जेची तूट त्यामानानं माफक असते, आणि एकीवरून दुसरीवर जाण्यासाठी प्रोटॉनच्या टकरींतला तो उतार बिनचूक माहीत असावा लागतो. पुन्हा तेच. जिथं काही घडलं नाही तिथलं मोजमाप.

ऊर्जा जाते कशी, याचं उत्तर शोधताना थोडं मागे, मुंबईशी नातं असलेल्या एका नावाकडे जावं लागतं. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन द्रव्यात शिरला की फोटॉन सोडतो, फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, ती पुन्हा फोटॉन सोडते, आणि बघता बघता एकाचे हजार होतात. पुढं १९४५ मध्ये भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) उभारली. १९५३ मध्ये लांडाऊ आणि पोमेरांचुक यांच्या लक्षात आलं, की फोटॉन सुटायला काही काळ लागतो. तेवढ्यात इलेक्ट्रॉनला दाट द्रव्यात चार धक्के बसले तर ते चार वेगळे न राहता एकच धक्का धरले जातात आणि फोटॉन कमी निघतात. १९५६ मध्ये मिग्डाल यांनी त्याचं पक्कं गणित केलं. प्रयोगानं ते नीट मोजायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

प्लाझ्मात क्वार्कचं जवळजवळ असंच होतं, फक्त फोटॉनच्या जागी ग्लुऑन सुटतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की सुटणाऱ्या ग्लुऑनला स्वतःला रंगभार असतो. बाहेर पडता पडता त्यालाही धक्के बसतात. १९९० च्या दशकात बायर, डोकशित्झर, म्युलर, पेन्ये आणि शिफ, आणि स्वतंत्रपणे झाखारोव्ह यांनी हे गणित सोडवलं. त्यातून निघालं, की द्रव्य स्थिर धरलं तर वाटेची लांबी दुप्पट होताच ऊर्जेची तूट चौपट होते. खरा प्लाझ्मा पसरत आणि पातळ होत जात असल्यानं प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ राहत नाही. तरी साध्या घर्षणाहून हे वेगळं आहे, हे पक्कं झालं. दर फेमटोमीटरला द्रव्य क्वार्कला आडवे धक्के किती देतं, यावरून त्या द्रव्याचा दाटपणा एका आकड्यात मांडता येतो. २०१४ मध्ये सिद्धान्तवाल्यांच्या एका मोठ्या गटानं आरएचआयसी आणि एलएचसी दोन्हींचा डेटा एकत्र घेऊन दहा जीईव्हीच्या क्वार्कसाठी तो आकडा काढला. सोन्याच्या टकरींत १.२, शिशाच्या टकरींत १.९, एकक जीईव्ही वर्ग दर फेमटोमीटर. जड क्वार्क आपल्या नाकासमोरच्या अरुंद कोनात ग्लुऑन सोडत नाहीत, म्हणून त्यांची तूट कमी असायला हवी, असाही तर्क होता. तो रिकामा कोन ॲलिसनं २०२२ मध्ये थेट दाखवला, आणि तोही प्रोटॉनच्याच टकरींत.

सिद्धान्त देखणा असतो. आमचा दिवस मात्र पार्श्वभूमी वजा करण्यात जातो, आणि कसब म्हणायचं तर ते इथंच आहे. प्रोटॉनच्या टकरीत जेट मोकळ्या जागेत उभं असतं. शिशाच्या टकरीत त्याच्याभोवती हजारो कण असतात आणि त्यांचा या जेटशी काही संबंध नसतो. जेट ओळखण्यासाठी अँटी-केटी ही पद्धत वापरतात. काच्चारी, सालाम आणि सोयेझ यांनी ती २००८ मध्ये दिली. ती जवळजवळचे कण ठरावीक त्रिज्येच्या गोलात गोळा करते. त्रिज्या ०.४ धरली, तर शिशाच्या डोक्यावर डोकं टकरीत त्या गोलात जेट असो वा नसो, नुसत्या विद्युतभारित कणांची सत्तर जीईव्हीच्या आसपास ऊर्जा आधीच पडलेली असते. तीस-चाळीस जीईव्हीचं जेट शोधायचं असेल तर मालापेक्षा बारदान जड. बरं, बारदान तरी सगळीकडे सारखं असावं? जागोजागी दहा-अकरा जीईव्हीनं वर-खाली होतं. ते मोजायला आम्ही डोळे मिटून टकरीत कुठंही गोल टाकतो, मुद्दाम जेटपासून दूर, आणि आत काय पडलं ते लिहून ठेवतो. असे लाखो रिकामे गोल. संगणकाच्या पडद्यावर त्यांचा आलेख हळूहळू भरत जातो, डावी बाजू गुळगुळीत उतरते, उजवीकडे मात्र एक शेपूट लांबत राहते. ती शेपूट कशानं आली, चढ-उतारानं की नजरेआड राहिलेल्या छोट्या जेट्समुळे, यावर आमच्या बैठका तासन्‌तास रंगतात.

शिवाय पार्श्वभूमी दिशेनुसार बदलते. दोन अणुकेंद्रं जरा बाजूनं आदळली की मधला थेंब बदामी आकाराचा होतो आणि एका दिशेला जास्त जोरानं फुटतो. हा लंबवर्तुळी प्रवाह काय सांगतो, यावर टीआयएफआरच्या राजीव भालेराव यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये केलेलं काम आमच्याकडे आजही काढून वाचलं जातं. पार्श्वभूमी हा गौण विषय नाही, हे पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी वेगळ्या संदर्भात दाखवून दिलं होतं. १९९१ मध्ये मानुएल ड्रीस यांच्याबरोबर त्यांनी हिशेब केला, की भविष्यातल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये फोटॉनांच्या टकरीतून इतकी छोटी छोटी जेट्स निघतील, की खरी टक्कर त्या कचऱ्यात शोधावी लागेल. यंत्र उभं राहण्याआधी त्यातला कचरा मोजून ठेवणं, हा आमच्या धंद्यातला मोठा शहाणपणा आहे.

मोजणीतली गळती हा आणखी एक काच. जेटची ऊर्जा प्लाझ्मात गेली की डिटेक्टरमधूनच निसटली, हे वेगळं काढावं लागतं. सीएमएस प्रयोगात मोठ्या विद्युतचुंबकाच्या बाहेर हॅड्रॉन कॅलरीमीटरचा एक थर आहे, तो टीआयएफआरनं पंजाब विद्यापीठाच्या साथीनं बनवला. फार ऊर्जेच्या जेटचं आतल्या थरांतून सुटलेलं शेपूट पकडणं, एवढंच त्याचं काम. डिटेक्टरनं सांडलेलं डिटेक्टरच्या नावावर लागलं, तरच प्लाझ्माच्या नावावरची तूट खरी ठरते.

एवढं सगळं केलं तरी एक फसवणूक उरतेच. आपण मोजतो ती आपल्यापर्यंत पोचलेली जेट्स. म्हणजे वाचलेली. शंभर जीईव्हीच्या वरची जेट्स निवडली, की ज्यांनी कमी गमावलं तीच निवडीत जास्त येतात, आणि ज्यांनी खूप गमावलं ती खालच्या घरात जाऊन दुसऱ्यांत मिसळतात. शिशात मिळालेली जेट्स प्रोटॉनमधल्यांपेक्षा अरुंद दिसतात. मग प्लाझ्मा जेटला अरुंद करतो असं म्हणायचं? की रुंद जेट्स जास्त मार खाऊन निवडीबाहेर गेली? ॲटलासची मोजणी दाखवते, की ज्या जेट्सची पहिली फाटाफूट रुंद कोनात झाली, त्यांची घट खरोखरच जास्त आहे. वाट लवकर फुटली की प्लाझ्माला दोन फांद्या वेगवेगळ्या दिसतात आणि तो दोन्हीकडून वसूल करतो. जवळजवळच्या फांद्या त्याला एकच वाटतात. या फसवणुकीवर खात्रीचा उपाय म्हणजे जेट निवडायचंच नाही. समोरचा फोटॉन किंवा झेड निवडायचा. त्याला प्लाझ्मा शिवलेला नाही, म्हणून जोडीदार क्वार्क किती ऊर्जेनं निघाला होता ते तो जसंच्या तसं सांगतो. मग जोडीदार मिळो, अर्धा मिळो, न मिळो, हिशेब चोख राहतो. अशा जोड्या फार थोड्या मिळतात. पण जितक्या मिळतात तितक्या प्रामाणिक असतात.

गेलेली ऊर्जा कुठं गेली, हे काकांनी विचारलं नाही. वाळल्या उसाचं पाणी हवेत गेलं हे त्यांना माहीत असतं. आम्हाला मात्र ते शोधावं लागलं. २०११ मध्ये सीएमएसनं टकरीतल्या सगळ्या कणांच्या संवेगांची बेरीज केली. जेटच्या शंकूत तूट होती, पण बेरीज कुठंच बिघडली नव्हती. हरवलेलं सगळं जेटच्या आसापासून खूप दूर, अगदी मंद कणांच्या रूपात पसरलेलं सापडलं. म्हणजे प्लाझ्मा ऊर्जा खाऊन टाकत नाही, ती स्वतःत वाटून घेतो. जेट पुढं जाताना द्रव्याला आपल्या दिशेनं ढकलतं आणि मागं द्रव्य थोडं विरळ राहतं. ही विरळ जागा झेडच्या बाजूला कणांची किंचित उणीव म्हणून दिसायला हवी. तशा खुणा सीएमएसनं अलीकडे, २०२५ मध्ये, मांडल्या आहेत. इथं प्रश्न उलटा होतो. इतके दिवस आम्ही प्लाझ्मानं जेटचं काय केलं ते बघत होतो, आता जेटनं प्लाझ्माचं काय केलं ते बघतोय. आणि ती खूण नेमकी त्या मंद कणांत आहे, जे आम्ही पार्श्वभूमी म्हणून वजा करत आलो. काय वजा करायचं आणि काय ठेवायचं, ही रेघ आता नव्यानं आखावी लागणार.

जुलै २०२५ मध्ये एलएचसीत ऑक्सिजनची अणुकेंद्रं पहिल्यांदा आदळवली गेली, आणि पाठोपाठ निऑनचीही. शिशात २०८ न्यूक्लिऑन असतात, ऑक्सिजनमध्ये फक्त १६. प्रोटॉन-शिसे टकरीत जेटची तूट दिसत नाही, शिसे-शिसे टकरीत ठळक दिसते. मधे कुठं ती सुरू होते, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. त्याच वर्षी आलेल्या सीएमएसच्या मोजणीत ऑक्सिजनचा भागाकार सर्वांत खाली ०.७ च्या आसपास उतरला. तूट आहे, पण शिशासारखी सातात सहा नाही. दहात तीन गेलेत.

जुने दोन संशयित आता परत आले आहेत, आणि या वेळी त्यांना हसून सोडून देता येत नाही. शिशात सातातले सहा गायब असताना बेण्याचा दहा टक्क्यांचा संशय कुणी फारसा मनावर घेतला नसता. दहातले तीनच गेले असताना तोच संशय तुटीचा तिसरा हिस्सा खाऊ शकतो. ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात क्वार्क-ग्लुऑनची वाटणी नेमकी कशी असते, त्याच ऊर्जेला प्रोटॉनच्या टकरींत किती कण निघतात, डिटेक्टर तेव्हा आणि आता सारखाच वागला का, या सगळ्याला आता पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक उत्तरं लागतील. निऑन आणि ऑक्सिजन यांची एकमेकांशी तुलना केली तर यातल्या काही शंका आपोआप एकमेकींना खोडतात, म्हणून सध्या आमच्यापैकी अनेकजण त्या भागाकारामागे लागलेत.

तूट मोठी असताना ढोबळ हिशेबही भागून गेला. तूट लहान झाली की बिनतुटीचा हिशेब तिच्याहूनही बारीक लागतो. त्यामुळे माझ्याकडे आलेल्या मुलांना ऑक्सिजनचा डेटा हवा असतो आणि मी त्यांना त्याच ऊर्जेच्या, ५.३६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, प्रोटॉन-प्रोटॉन टकरी देते, यात मला काही वावगं वाटत नाही. या क्षेत्रातला पुढचा वाद त्याच आकड्यांवरून होणार आहे, आणि तेव्हा काटा कुणाचा खरा होता, हेच आधी विचारलं जाईल.